पाड्याचे डोळे, पाड्याचे हात

बंगाली वर्तमानपत्रांत ‘समाजविरोधी’ हा शब्द नाम म्हणून छापतात: ‘तिघे समाजविरोधी अटकेत’, ‘समाजविरोधींचा ठेक (म्हणजे अड्डा) उधळला’. मराठी बातम्यांतला ‘समाजकंटक’ हा त्याचा सख्खा भाऊ. दोन्ही शब्दांत एक सोय दडलेली आहे. ते उच्चारताच उपद्रव करणारा माणूस समाजाच्या वेशीबाहेर जाऊन उभा राहतो आणि बाकीचे मोकळे होतात. कोलकात्याच्या कुठल्याही गल्लीत थोडे थांबून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. ज्याचा त्रास होतो तो बहुधा त्याच गल्लीतला असतो. कुणाचा धाकटा मुलगा, कुणाचा भाडेकरू, नाहीतर पूजा कमिटीचा खजिनदार. रात्री एक वाजता कानठळ्या बसवणारे बॉक्स लावणारा मुलगाच पहाटे शेजारच्या म्हाताऱ्याला उचलून इस्पितळात पोचवतो, हेही नेहमीचेच. म्हणून रहिवाशांचे काम पोलिसांच्या कामाहून अवघड आहे. पोलिसांना माणूस पकडून नेता येतो. रहिवाशांना त्याला थांबवायचे असते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी राहायचे असते.

समाजविरोधी वर्तन म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवावे लागते. ब्रिटनने १९९८ च्या एका कायद्यात त्याची व्याख्या केली: आपल्या घराबाहेरच्या माणसांना छळ, भीती किंवा मनस्ताप होईल असे वागणे. भारतात अशी एकच व्याख्या नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रव, दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा, स्त्रीला उद्देशून अश्लील शब्द किंवा हावभाव, पाठलाग, खंडणी अशी वेगवेगळी कलमे आहेत. कचरा, थुंकणे आणि आवाज यांचे नियम महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्याकडे असतात. या सगळ्यांत समान धागा एकच, दुसऱ्याला होणारा प्रत्यक्ष त्रास. कुणाची आवडनिवड न पटणे त्यात बसत नाही. एप्रिल २०१८ मध्ये कोलकाता मेट्रोत एका जोडप्याने एकमेकांना मिठी मारली म्हणून सहप्रवाशांनी दमदम स्थानकावर त्यांना मारहाण केली. मारणारे स्वतःला समाजाचे रक्षक समजत होते. त्या प्रसंगी समाजविरोधी कोण होते, याबद्दल शहरात फारसे दुमत राहिले नाही. त्यानंतरच्या दिवसांत तरुण मुलेमुली स्थानकाबाहेर येणाऱ्याजाणाऱ्याला मिठ्या मारून निषेध नोंदवू लागली.

कोलकात्यातल्या सामाजिक जीवनाचे एकक म्हणजे ‘पाडा’. मराठीत हा शब्द आदिवासी वस्तीपुरता उरला. बंगालीत तो शहराच्या मध्यभागीही नांदतो. पाड्याला नकाशावर हद्द नसते. चार-सहा गल्ल्या, एक चहाचे दुकान, एक क्लब, एक पूजा एवढे असले की पाडा झाला. उत्तर कोलकात्यातल्या जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूला बसता येईल असा उंच ओटा असतो, त्याला ‘रोआक’ किंवा नुसते ‘रक’ म्हणतात. आपल्याकडच्या कट्ट्याचे हे बंगाली रूप. नारायण गंगोपाध्यायांच्या किशोरकथांतला टेनिदा आपल्या तीन साथीदारांसह पटलडांग्यातल्या चॅटर्जींच्या रोआकावरच बसलेला असतो. तिथेच बसून येणाऱ्याजाणाऱ्या मुलींना शेरे मारणाऱ्यांना ‘रकबाज’ हे विशेषण चिकटले. हा ओटा दुधारी होता. टवाळखोरांची ती जागा होती, आणि गल्लीत अनोळखी माणूस शिरला की ‘कोणाकडे आलात?’ असे विचारणाराही तिथेच बसलेला असायचा.

अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये मोठ्या शहरांवर लिहिताना ‘रस्त्यावरचे डोळे’ ही कल्पना मांडली. दुकानदार, खिडकीतल्या बाया, पायरीवर बसलेले म्हातारे यांच्या नकळत चालणाऱ्या पहाऱ्यामुळे रस्ता सुरक्षित राहतो, असे त्यांचे म्हणणे. १९९७ मध्ये रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोच्या ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा बुडवून कोपऱ्यावर घुटमळणाऱ्या पोरांना, भिंतीवर फरकाटे मारणाऱ्यांना शेजारी हटकतील का, असे प्रश्न त्यांनी विचारले होते. जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास होता आणि हटकण्याची तयारी होती, तिथे हिंसाचार कमी आढळला. गरिबी जमेस धरूनही हा फरक उरला. पाड्यातल्या जेठू आणि माशिमांना, म्हणजे काका-मावश्यांना, हे सांगायला शिकागोहून कुणी यायची गरज नव्हती. पण त्या अभ्यासाने एक बारकावा पुढे आणला: निव्वळ ओळख पुरत नाही, ओळखीला हटकण्याची जोड लागते. आज जुनी घरे पाडून पाच मजली फ्लॅट उभे राहत आहेत. रोआकाच्या जागी गाड्यांचे पार्किंग आणि लोखंडी जाळीचे दार आले. कॅमेरे बसले, पण कॅमेरा कुणाला नाव विचारत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करायची तर थुंकण्यापासून करावी. १९४३ साली वाहतुकीला खुल्या झालेल्या हावडा पुलाचे पोलादी आधार तळाशी झिजल्याचे पुढे पोर्ट ट्रस्टच्या लक्षात आले. कारण होते पानाच्या पिचकाऱ्या. त्यातला चुना आणि इतर द्रव्ये लोखंड खातात. आधारांच्या तळाशी असलेली सहा मिलिमीटर जाडीची वेष्टणे निम्म्याने पातळ झाली होती. अखेर त्यांना धुता येतील अशी फायबरग्लासची आवरणे चढवली गेली, म्हणजे थुंकणाऱ्यापुढे पुलानेच हात टेकले. नोव्हेंबर २०१८ मध्ये दक्षिणेश्वरच्या काली मंदिराकडे जाणारा स्कायवॉक खुला झाला आणि लगोलग त्याच्या कडा लाल झाल्या. त्याच महिन्यात विधानसभेने कोलकाता महापालिका कायद्यात दुरुस्ती केली. घाण करण्याचा किमान दंड ५० रुपयांवरून ५,००० आणि कमाल ५,००० वरून १ लाखावर गेला.

याच शहरात २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर या ३.४ किलोमीटरवर भारतातली पहिली मेट्रो धावली, आणि पुढची कित्येक वर्षे तिची स्थानके आरशासारखी राहिली. वर रस्त्यावर पिचकारी मारणारा माणूसच जिना उतरला की तोंड मिटून घ्यायचा. दंडाची भीती हे याचे पूर्ण उत्तर नव्हे; दंड वरही होताच. खाली पहिला डाग ताबडतोब पुसला जात होता, कर्मचारी टोकत होते आणि मुख्य म्हणजे इतर प्रवासी टोकत होते, कारण ती मेट्रो त्यांना आपली वाटत होती. १९८२ मध्ये जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी अमेरिकेत मांडलेल्या ‘फुटक्या खिडकी’च्या विचाराचा एवढा भाग टिकाऊ आहे: एक फुटकी काच तशीच राहिली की दुसरी फुटायला वेळ लागत नाही. त्या विचाराच्या नावाखाली पुढे न्यूयॉर्कमध्ये गरीब आणि कृष्णवर्णीय तरुणांना जे सोसावे लागले, तो भाग मात्र घेण्यासारखा नाही. पाड्याला यातून मिळणारे काम साधे आहे. जिन्याच्या कोपऱ्यातला पहिला डाग, कचऱ्याची पहिली पिशवी, बंद पडलेला पहिला दिवा यांची त्याच दिवशी दखल घ्यायची. महिन्याभराने तो कोपरा ‘तसलाच’ म्हणून ओळखला जाऊ लागला की काम दसपट होते. मुंबई-पुण्यात दिसतात तशा देवादिकांच्या टाइल्स कोलकात्यातही भिंतींवर लागतात. त्या काही दिवस चालतात. देव मात्र विनाकारण पहारेकरी होतात.

आवाजाची कथा वेगळी आहे, कारण तिथे न्यायालयाने मर्यादा घातली आणि नागरिक तिच्यासाठी झगडत राहिले. १९९६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवतीप्रसाद बॅनर्जी यांनी ध्वनिक्षेपकांवर निर्बंध घातले. बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला सक्तीने ऐकवण्याचा हक्क येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. त्यानंतर पश्चिम बंगालमध्ये फटाक्यांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आली. देशभर ती १२५ होती. पुढची पंचवीसेक वर्षे फटाके उत्पादक आणि पर्यावरणवादी नागरिक या आकड्यावर भांडत राहिले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यानेही १२५ ची मर्यादा स्वीकारली. देशव्यापी ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, इस्पितळ-शाळा-न्यायालय अशा शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. दहावीच्या म्हणजे ‘माध्यमिक’ परीक्षेच्या काळात उघड्यावर माइक लावायला बंगालमध्ये बंदी असते, आणि ती बऱ्यापैकी पाळली जाते. ज्याच्या घरात परीक्षार्थी आहे असा माणूस प्रत्येक गल्लीत असतो, हे त्यामागचे रहस्य.

‘सबुज मंच’ ही बंगालमधल्या पर्यावरणवादी संस्था आणि कार्यकर्त्यांची एकत्र आलेली आघाडी. कालीपूजेच्या रात्री ती लोकांच्या तक्रारी फोनवर घेते आणि पोलीस व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पोचवते. या व्यवस्थेत एक शहाणपण आहे. एकटा रहिवासी क्लबच्या पोरांशी वाद घालायला गेला की प्रकरण आवाजाचे न राहता मानापमानाचे होते. हुगळी आणि उत्तर चोवीस परगण्यांत फटाके-माइकला विरोध केल्यामुळे माणसे मारली गेल्याची उदाहरणे आहेत. बंगालीत त्यांना ‘शब्दशहीद’ म्हणतात, म्हणजे आवाजाला विरोध करताना हुतात्मा झालेले. म्हणून आवाज सुरू असताना, विशेषतः दारू चढलेली असताना, समोरासमोर जाणे टाळावे. कुठे, किती वाजल्यापासून, कुणाच्या मांडवातून, एवढे टिपून १०० किंवा ११२ वर कळवावे, आणि एका घराऐवजी पाच घरांतून फोन जावेत. बोलायचे ते दुसऱ्या दिवशी दुपारी, क्लबातल्या वडीलधाऱ्याला मध्ये घेऊन.

क्लबाशी बोलायचे म्हणजे चांद्याचा विषय निघणारच. चांदा म्हणजे वर्गणी, आणि दुर्गापूजेच्या आधी तिची सक्ती सुरू झाली की ‘चांदार जुलुम’. गणपतीच्या वर्गणीचा अनुभव असलेल्या मराठी वाचकाला हे समजावून सांगायला नको. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेचा मानवजातीच्या अमूर्त वारशात समावेश केला. राज्य सरकार २०१८ पासून पूजांना अनुदान देते. तेव्हा ते १०,००० रुपये होते, २०२५ मध्ये १,१०,००० झाले. सरकारी पैसा आला की हिशेब आला, आणि रहिवाशांच्या हाती तेवढेच एक हत्यार आले. जुलूम टिकतो तो प्रत्येक दार एकेकटे वाजवले जाते म्हणून. सोसायटीने बैठकीत रक्कम ठरवून एकच धनादेश दिला, पावती घेतली आणि गेल्या वर्षीचा जमाखर्च फलकावर लावायला सांगितले की आवाज चढवायला फार जागा उरत नाही. धमकी दिली गेली तर ती खंडणी ठरते आणि पोलीस ठाण्यात जाते. महाराष्ट्रात अशा तात्पुरत्या वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यावी लागते. किती मंडळे ती घेतात, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत विचारून पाहावे.

स्त्रियांना होणारा त्रास या यादीत सगळ्यांत जुना, आणि तिथे बघ्यांची भूमिका सगळ्यांत निर्णायक. ३१ डिसेंबर २००२ च्या रात्री कोलकाता पोलिसांतला वाहतूक सार्जंट बापी सेन कामावर नसताना एका स्त्रीची छेड काढणाऱ्यांच्या आडवा गेला. छेड काढणारे त्याच्याच दलातले शिपाई होते. त्यांनी त्याला बेदम मारले आणि ६ जानेवारी २००३ रोजी तो गेला. आरोपींना पुढे जन्मठेप झाली. पण जिच्यासाठी तो मध्ये पडला ती स्त्री कधी साक्षीला पुढे आली नाही. तिला दोष देणे सोपे आहे. साक्ष दिल्यावर तिच्या पाठीशी कोण उभे राहणार होते, हा प्रश्न जास्त उपयोगाचा. १४ फेब्रुवारी २०११ रोजी कोलकात्याजवळ बारासातला कामावरून परतणाऱ्या बहिणीला वाचवताना दहावीतल्या एका मुलाला भोसकून मारण्यात आले. ती जागा बड्या अधिकाऱ्यांच्या निवासस्थानांपासून हाकेच्या अंतरावर होती. त्यानंतर चर्चा झाली ती अंधाऱ्या रस्त्याची आणि लगतच्या दारूच्या ठेकांची. म्हणजे ज्या गोष्टी आसपासच्या लोकांना आधीपासून माहीत असतात त्यांचीच.

इथे रहिवाशांचा उपयोग फार ठोस आहे. रात्री दहानंतर बायकांना घेऊन गल्लीतून एक फेरी मारावी आणि कुठे पाऊल अडखळते ते टिपावे: दिवा नाही, झाडाची फांदी दिव्यावर आली आहे, बंद दुकानाच्या वळचणीला टोळके बसते, रिक्षास्टँड सुटल्यापासून पुढचा तुकडा निर्मनुष्य आहे. कोलकाता महापालिकेचे १४४ प्रभाग आणि १६ बरो आहेत. दिव्याची तक्रार खांबाच्या क्रमांकासह नगरसेवकाकडे आणि बरो कार्यालयात लेखी द्यावी. महापौरांना नागरिकांनी थेट फोनवर तक्रार सांगण्याचा कार्यक्रमही महापालिकेने चालवला आहे. १४ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, आर. जी. कर इस्पितळातल्या डॉक्टर तरुणीच्या बलात्कार-हत्येनंतर, बंगालभर हजारो बायका ‘रात्र आमची आहे’ म्हणत रस्त्यावर उतरल्या. एका रात्रीचा तो जमाव ओसरला. पण रात्री उशिरापर्यंत चालू असलेले चहाचे दुकान, दाराशी बसणारी दोन माणसे, अशी माफक वर्दळ रोज रात्री राहिली तर तिचे काम त्या जमावाहून कमी नसते. त्या गुन्ह्यात दोषी ठरलेला इसम सिव्हिक व्हॉलंटियर होता. पोलिसांच्या मदतीला नेमलेल्या या कंत्राटी स्वयंसेवकांची निवड आणि तपासणी कशी होते, असा प्रश्न त्यातून उभा राहिला. रखवालदाराची झडती घेण्याचा हक्कही रहिवाशांचाच.

दारूच्या ठेकाबद्दल थोडक्यात. डिसेंबर २०११ मध्ये दक्षिण चोवीस परगण्यातल्या संग्रामपूर-मगराहाट भागात विषारी ‘चोलाई’ (गावठी दारू) पिऊन १७० वर माणसे दगावली. बेकायदा भट्ट्यांविरुद्ध बंगालमध्ये बायकांचे बचतगट पुढे आले, त्यांनी मडकी फोडली. मडके फोडल्याने भट्टी आठवडाभर बंद राहते. अबकारी खात्याकडे लेखी तक्रार करून पाठपुरावा केला तर कदाचित कायमची. महाराष्ट्रात परवानाधारक दुकानासाठी ‘उभी बाटली, आडवी बाटली’ या मतदानाची वाट आहे. बहुमताने आडवी बाटली आली की दुकान बंद. राळेगणपासून चंद्रपूरपर्यंत दारूविरोधात बायकांनी चालवलेल्या लढ्यांतून ही समज तयार झाली.

पोरांचे काय करायचे, याचे कोलकात्याने दिलेले उत्तर नावाजण्यासारखे आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी कोलकाता पोलिसांनी ‘विक्रमशिला’ या शिक्षणसंस्थेबरोबर ‘नवदिशा’ हा उपक्रम सुरू केला. शाळेबाहेर पडलेल्या वस्तीतल्या मुलांचे वर्ग चक्क पोलीस ठाण्यांच्या आवारात भरू लागले. ज्या ठाण्याच्या नावाने आई भीती घालते, तिथेच पोर पाटी घेऊन जाऊ लागले. पोलिसांच्या मैत्री चषक फुटबॉल स्पर्धेत पाड्यापाड्यांचे क्लब उतरतात. खेळाने गुन्हेगारी संपते असा दावा कुणी करू नये, पण संध्याकाळी सहा ते आठ मुले कुठे आहेत हे तरी त्यातून कळते. शिवाय ठाण्याचा प्रमुख, ज्याला पाडा ‘बडोबाबू’ म्हणतो, त्याला क्लबचा सेंटर फॉरवर्ड नावाने ओळखू लागतो. या ओळखीचा उपयोग पुढे दोघांनाही होतो. वृद्धांसाठी २००९ पासून ‘प्रणाम’ आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद पोलिसांकडे असते आणि त्यांची विचारपूस होते. ज्या शहरातली तरुण पिढी बंगळूरला आणि परदेशी गेली, तिथे शेजाऱ्याने अशी नोंद करून देणे हीच मोठी मदत.

आता पाड्याच्या हातांकडे. बंगालीत ‘गणधोलाई’ असा एक शब्द आहे: जमावाने दिलेला चोप. तो बोलण्यात थोडा गमतीने वापरतात, इतका तो रुळलेला आहे. ३० एप्रिल १९८२ रोजी बालिगंजच्या बिजन सेतूजवळ आनंदमार्ग पंथाच्या १६ संन्याशांना आणि एका संन्यासिनीला जमावाने दिवसाढवळ्या ठार मारून जाळले. मुले पळवणाऱ्यांची अफवा भागात पसरलेली होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहात मोबाइल चोर समजून एका मनोरुग्ण तरुणाला मारण्यात आले. जून २०२४ मध्ये बऊबाजारच्या एका विद्यार्थी वसतिगृहात मोबाइल चोरीच्याच संशयावरून टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाचा तसाच शेवट झाला. शिकलीसवरलेली पोरे होती ती, भावी डॉक्टर आणि पदवीधर. ऑगस्ट २०१९ मध्ये पश्चिम बंगाल विधानसभेने झुंडबळीविरोधी विधेयक मंजूर केले होते. नव्या न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा किंवा तशाच कारणावरून केलेल्या हत्येसाठी फाशी किंवा जन्मठेप आहे. पाड्याने चोर पकडला तर त्याला बसवून ठेवावे, पाणी द्यावे, ताबडतोब ठाण्याला कळवावे आणि पहिला हात उचलणाऱ्याला अडवावे. गर्दीत ‘नाही’ म्हणणारी दोन-तीन माणसे लवकर बोलली तर गर्दी बहुतेकदा विरते. उशिरा बोलली तर त्यांनाही मार बसतो.

या शहराच्या रहिवाशांनी एकत्र येऊन केलेली एक जुनी खटपट मराठी माणसाला जरा ओशाळवाणी वाटेल. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या, बंगालीत ‘बर्गीं’च्या, भीतीने इथल्या लोकांनी पदरमोड करून गावाभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल खणून झाला; मराठे आलेच नाहीत. खंदकाच्या बऱ्याचशा भागावर पुढे सर्क्युलर रोड झाला आणि बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ हे नाव तेवढे उरले. बाहेरच्या शत्रूसाठी खंदक पुरतो. १९४६ च्या ऑगस्टमधल्या हिंदू-मुस्लिम दंगलीत कोलकात्याला जो शत्रू दिसला तो पाड्यातलाच होता. तेव्हा गल्ल्यांच्या संरक्षणासाठी उभी राहिलेली टोळकी दंगल शमल्यावरही हत्यारे बाळगून राहिली, आणि रक्षकाचा ‘मस्तान’ म्हणजे गुंड होताना शहराने पाहिला. सप्टेंबर १९४७ मध्ये बेलियाघाटाच्या हैदरी मंझिलमध्ये गांधीजींनी १ तारखेला उपोषण सुरू केले. ४ तारखेला सर्व जमातींच्या पुढाऱ्यांनी शांततेची लेखी हमी दिल्यावरच ते सुटले. त्या दिवसांत गुंडांच्या टोळ्यांनी येऊन आपली हत्यारे त्यांच्यापुढे ठेवली. शांततेसाठी मिरवणूक काढताना सचिंद्रनाथ मित्रांसारखे कार्यकर्ते त्याच आठवड्यात प्राणाला मुकले होते.

त्याहून टिकाऊ रचना महाराष्ट्रात पाहायला मिळाली. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला कमिट्या बांधल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे ठरलेल्या दिवशी ठाण्याच्या हवालदारासह बसायची आणि नळ, गटार, पोरांची भांडणे असे विषय निघायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. खोपडे यांच्या ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या पुस्तकाचे नावच तो प्रश्न विचारते. दंगलीनंतर मुंबईत जुलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिटी चळवळ उभी राहिली. कोलकात्याच्या पाडा-क्लबांशी ताडून पाहिले तर फरक लगेच दिसतो. क्लब एका पक्षाचा, एका वयाचा आणि बहुधा पुरुषांचा असतो. कमिटीत ज्यांचे एकमेकांशी पटत नाही तेही बसवलेले असतात, आणि ती भांडण नसतानाही भरते.

तक्रारीची वाट रहिवाशांनी नीट समजून घ्यावी. किरकोळ प्रकाराची कोलकात्यात जनरल डायरी म्हणजे ‘जीडी’ होते. आपल्याकडच्या ‘एनसी’शी (अदखलपात्र नोंदीशी) तिचे बरेच साम्य. जीडीचा क्रमांक आणि तारीख मागून घ्यावी, कारण एका जीडीने काही घडत नसले तरी सहा महिन्यांत वेगवेगळ्या घरांच्या चार जीडी झाल्या की त्याच माणसाकडून शांततेचा जामीन घ्यायला आधार मिळतो. दखलपात्र गुन्हा असेल तर कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. कायमचा उपद्रव असेल, म्हणजे उघडी गटारे, रस्ता अडवून चाललेला धंदा किंवा घातक कारखाना, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३. त्याच कलमाचा आधार घेऊन मध्य प्रदेशातल्या रतलामच्या एका मोहल्ल्याने नगरपालिकेला घाण हटवायला लावले होते. पैसे नाहीत ही सबब नगरपालिकेला चालणार नाही, असा निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्ये दिला.

तक्रारीनंतरची भीती खरी असते. उत्तर चोवीस परगण्यातल्या सुटिया भागात गुंडांच्या टोळीने बायकांवर सातत्याने अत्याचार चालवले, तेव्हा २००० साली गावकऱ्यांनी प्रतिवाद मंच काढला. कोलकात्याच्या मित्र इन्स्टिट्यूशनमधले शिक्षक बरुण विश्वास त्याचे एक प्रमुख. मंचामुळे बायका बोलू लागल्या, खटले उभे राहिले, शिक्षा झाल्या. ५ जुलै २०१२ रोजी कोलकात्याहून परतताना गोबरडांगा स्थानकाबाहेर विश्वास यांना गोळी घातली गेली. मंच अनेकांचा होता, पण चेहरा एकाचाच ओळखीचा झाला होता. म्हणून अर्जावर पंधरा-वीस सह्या असाव्यात, ठाण्यात आळीपाळीने वेगळी माणसे जावीत, बोलणाराही दर वेळी तोच नसावा. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू आहे. धोका असलेला साक्षीदार, त्याचा कुटुंबीय किंवा वकील जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करू शकतो. पोलिसांचा धोक्याबाबतचा अहवाल आल्यावर घरापाशी गस्त, फोनवर संपर्क, बंद दाराआड साक्ष, गरज पडल्यास तात्पुरते दुसरीकडे राहण्याची सोय यांपैकी जे लागेल ते देता येते.